इटास्काला जाताय? मग मुक्कामाला जा

मिनियापोलिसहून साडेतीन-चार तास गाडी चालवायची, मिसिसिपीच्या उगमाशी दगडांवर उभं राहून फोटो काढायचे, डब्यातल्या पोळ्या खायच्या आणि अंधार पडायच्या आत परतीला लागायचं. इटास्का स्टेट पार्कला जाणारी आपली बरीच कुटुंबं असंच करतात. भारतातून आई-वडील आलेले असतात, मोजक्या महिन्यांत त्यांना नायगाराही दाखवायचा असतो आणि न्यूयॉर्कही, त्यामुळे इटास्काच्या वाट्याला जेमतेम एक शनिवार येतो. दिवसातले आठ तास गाडीत आणि दोन तास तळ्याकाठी, हा हिशेब कोणाच्याच सोयीचा नाही. आजी-आजोबांचे पाय सुजतात, मुलं कंटाळतात आणि पार्क पाहायचा राहूनच जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की इटास्काला किमान तीन रात्री राहा. सुट्टी कमी असेल तर दोन. एका दिवसात उरकायचं असेल, तर त्यापेक्षा घराजवळच्या एखाद्या तळ्यावर जा.

मुक्काम का करायचा, हे पार्कचा विस्तार पाहिल्यावर कळतं. ३२ हजार एकरांहून अधिक जंगल आणि त्यात शंभरावर तळी आहेत. मिनेसोटातला हा सर्वांत जुना स्टेट पार्क. १८९१ साली विधिमंडळात अवघ्या एका मताच्या फरकाने त्याला मंजुरी मिळाली. त्या काळी या भागातले पाइन वृक्ष झपाट्याने तोडले जात होते. जेकब ब्रॉवर या सर्वेक्षकाने उगमाभोवतालचं जंगल वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं. तरी पार्क झाल्यावरही तोड लगेच थांबली नाही. १९०३ साली मेरी गिब्स ही २४ वर्षांची तरुणी, वडिलांच्या निधनानंतर, पार्कची प्रमुख झाली. लाकूड कंपनीने बांध घालून इटास्का तळ्याचं पाणी चढवलं होतं आणि काठची झाडं त्यात बुडून मरत होती. बांधाचे दरवाजे उघडायला ती गेली तेव्हा तिला बंदुकीची धमकी मिळाली. ती मागे हटली नाही. उगमाजवळच्या माहिती केंद्राला आज तिचं नाव आहे. आत गेलात की मुलांना तिची गोष्ट जरूर सांगा. आज डोक्यावर जे अडीचशे-तीनशे वर्षांचे रेड पाइन उभे दिसतात, ते अशा माणसांमुळे उभे आहेत.

आता कामाच्या गोष्टी. सगळ्यांत आधी ठरवायचं ते म्हणजे राहायचं कुठे. त्याचं उत्तर तुमच्याबरोबर कोण येणार आहे यावर अवलंबून आहे. इथे चूक झाली तर बाकीची तयारी कितीही चोख असली तरी सहल बिघडते.

गुडघेदुखीचे आजोबा, रात्री दोनदा उठणारी आजी किंवा वर्षाच्या आतलं बाळ बरोबर असेल तर तंबूचा विचार सोडून द्या. जमिनीवरून उठणं, अंधारात टॉर्च घेऊन स्वच्छतागृहापर्यंत चालणं आणि पहाटेची थंडी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हौस संपते. अशा कुटुंबाने डग्लस लॉजच्या परिसरातली खोली किंवा केबिन घ्यावी. १९०५ साली बांधलेलं हे लाकडी ओंडक्यांचं लॉज तळ्याच्या दक्षिण टोकाजवळ उंचवट्यावर आहे. आजूबाजूला जुन्या केबिन आहेत. त्यांतल्या काहींत न्हाणीघर आतच असतं. दुसऱ्या बाजूला, बेअर पॉ कॅम्पग्राउंडजवळच्या जुन्या केबिनांत स्वयंपाकाची सोय असते, पण न्हाणीघरासाठी बाहेरच्या इमारतीत जावं लागतं. बुकिंग करताना प्रत्येक केबिनचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. फोटोत सगळ्या केबिन सारख्याच छान दिसतात. न्हाणीघर किती पावलांवर आहे, ते फोटोवरून कळत नाही.

चार-पाच कुटुंबांनी मिळून जायचं असेल तर क्लबहाउस ही फार सुंदर सोय आहे. मधे दोन मजली उंचीचा दिवाणखाना, त्यात दगडी फायरप्लेस आणि भोवती दहा शयनकक्ष अशी ती जुनी इमारत आहे. वीसेक माणसं एका छपराखाली राहू शकतात. एखाद्या आजोबांची पंचाहत्तरी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, भारतातून आलेल्या भावंडांचं एकत्र राहणं यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. अर्थात ती मिळवण्यासाठी फार आधीपासून प्रयत्न करावे लागतात.

पाच-सहा वर्षांपुढची मुलं आणि धडधाकट आई-बाप असतील तर कॅम्पर केबिन पाहा. तंबू आणि घर यांच्या मधला हा प्रकार आहे. लाकडी खोली, एकावर एक पलंग, गाद्या, टेबल आणि बाहेर चूल. आत नळ नाही, संडास नाही, आणि आत स्वयंपाक करायलाही बंदी आहे. चादरी, उशा, पांघरुणं आपली आपण न्यायची. पावसाची भीती नाही, पण बाकी सगळा अनुभव तंबूचाच. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबांना मी हाच पर्याय सुचवते.

आणि तंबूच हवा असेल तर पाइन रिज आणि बेअर पॉ अशी दोन कॅम्पग्राउंड आहेत. दोन्ही मिळून दोनशेहून अधिक जागा आहेत. बेअर पॉ तळ्याच्या अधिक जवळ आहे, म्हणून तिथल्या जागा आधी संपतात. दोन्हीकडे काही जागांवर विजेची सोय आहे. एका जागेवर सहा माणसं किंवा एक कुटुंब हा नियम आहे. त्यामुळे आठ-दहा जणांचा मित्रगट एका जागेत बसवायचा बेत करू नका, शेजारशेजारच्या दोन जागा घ्या. तंबूच्या पाकिटावर सहा माणसांचा असं लिहिलेलं असलं तरी त्यात चार माणसं आणि त्यांचं सामान एवढंच नीट मावतं.

बुकिंग मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या आरक्षण व्यवस्थेतून, ऑनलाइन किंवा फोनवर होतं. जून ते ऑगस्टमधले शनिवार-रविवार आरक्षण खुलं झाल्याबरोबर भरतात. मेमोरिअल डे, ४ जुलै आणि लेबर डे यांची तर बातच नको. मुलांच्या शाळेला सुट्टी असली की रविवार ते बुधवार असा मुक्काम धरा. जागा मिळते, गर्दी निम्म्यावर येते आणि उगमाशी उभं राहायला धक्काबुक्की नसते. गाडीसाठी वेगळा प्रवेश परवाना लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो आणि वर्षाचाही, आणि राज्यातल्या सगळ्या स्टेट पार्कना चालतो. वर्षभरात आणखी चार-पाच पार्क पाहायचे असतील तर वार्षिक परवानाच घ्या.

मिनियापोलिसकडून जाताना ९४ क्रमांकाच्या हायवेने सेंट क्लाउडच्या दिशेने, मग १० क्रमांकाच्या रस्त्याने वडीना आणि तिथून ७१ ने थेट उत्तरेला पार्क रॅपिड्स. पार्कच्या दक्षिणेला वीसेक मैलांवरचं हे गाव म्हणजे तुमचा शेवटचा बाजार आणि पेट्रोल पंप. रुग्णालयही इथेच आहे. उत्तरेच्या अंगाला बमिजी हे मोठं शहर आहे, अंतर तीसेक मैल. पार्कात मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि आरक्षणाचा कागद छापून घ्या. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या विम्याची कागदपत्रं, त्यांच्या गोळ्यांची यादी आणि पुरेशा गोळ्या गाडीत असू द्या. संध्याकाळी ७१ वर हरणं आडवी येतात, तेव्हा शक्यतो उजेडातच पोहोचा. उजेड भरपूर असतो. जूनअखेरीला इथे सूर्य रात्री साडेनवाच्या सुमारास मावळतो. लहान मुलं उजेडात झोपत नाहीत आणि चांदण्या पाहायच्या तर अकरापर्यंत जागावं लागतं, हे गृहीत धरूनच दिवस आखा.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे सहल जेवणावरच तरते. लॉजमधलं उपाहारगृह हंगामातच चालतं आणि शाकाहारी माणसाला तिथे मोजकेच पदार्थ मिळतील. त्यावर विसंबू नका. दोन बर्नरचा प्रोपेन स्टोव्ह आणि लहान कुकर एवढ्यावर तीन दिवसांचा स्वयंपाक उत्तम होतो. घरूनच तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ, हिंग, जिरं एकत्र करून पिशव्या भरून न्या. एक पिशवी म्हणजे एक वेळची खिचडी. रवा भाजून न्या म्हणजे उपमा दहा मिनिटांत होतो. पहिल्या दिवसासाठी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, सोबत लसणाची कोरडी चटणी. दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. मेतकूट असेल तर मऊ भातावर तूप-मेतकूट घालून मुलांची रात्र भागते. चुलीतल्या निखाऱ्यांवर कणसं आणि वांगं भाजा. वांग्याचं भरीत आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर एवढं झालं की बाकी काही लागत नाही. फोडणी बाहेरच करा, केबिनच्या पोर्चमध्येही नको.

इथला एक पदार्थ मात्र आवर्जून करून पाहा. वाइल्ड राइस म्हणजे उथळ तळ्यांत आपोआप वाढणाऱ्या गवताचं बी. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि ते त्यांचं पवित्र अन्न आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस ते होडीत बसून काठ्यांनी कणसं झोडपून हे धान्य गोळा करतात. पार्कच्या पश्चिमेला व्हाइट अर्थ आणि पूर्वेला लीच लेक ही ओजिब्वे लोकांची राखीव क्षेत्रं आहेत. शक्यतो त्यांनी हाताने गोळा केलेला तांदूळच घ्या. तो फिकट तपकिरी असतो आणि वीस-तीस मिनिटांत शिजतो. दुकानातला काळाकुळकुळीत तांदूळ शेतात लावलेला असतो, त्याला जवळजवळ तास लागतो. आदल्या संध्याकाळी शिजवून ठेवलेला वाइल्ड राइस, भाजलेले शेंगदाणे, मिरची आणि लिंबू असा पोह्यांसारखा परतला की सकाळचा झकास नाश्ता होतो.

चुलीसाठी लाकडं घरून नेऊ नका. हा नियम कडक आहे आणि त्याचं कारण गंभीर आहे. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा सालीखाली दडून प्रवास करतो आणि जिथे पोहोचतो तिथली अ‍ॅशची झाडं मारून टाकतो. तुमच्या अंगणातले दोन ओंडके इथल्या जंगलाला महागात पडतील. पार्कात किंवा जवळपासच्या अधिकृत विक्रेत्याकडे सरपण मिळतं, तेच घ्या. निघताना किंवा झोपताना निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही. कोरड्या हवेत चुलीवर बंदीही येते, म्हणून स्टोव्ह हवाच.

या जंगलात काळी अस्वलं आहेत. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण अन्नाच्या वासाला येतात. आपल्या स्वयंपाकाला वास भरपूर. तेव्हा उरलेलं अन्न, मसाल्याचे डबे, तेलाची बाटली, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत बंद करून ठेवा. तंबूत बिस्किटाचा पुडा नको. भांडी तळ्यात किंवा पाण्याच्या नळाखाली घासू नका. घमेल्यात घासा आणि ते पाणी ठरवून दिलेल्या जागीच ओता.

आता तळं. इंग्रजी वाय अक्षरासारखं तीन हात पसरलेलं, सुमारे अकराशे एकरांचं हे तळं आहे. पोहायला वाळूचा काठ आहे, पण जीवरक्षक नसतो. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहायचं, हातात फोन घ्यायचा नाही. पाळी लावा आणि पाळी बदलताना तोंडाने सांगा की आता तू पाहतोयस. चार मोठी माणसं काठावर असतात तेव्हाच प्रत्येकाला वाटतं दुसरा पाहतो आहे. होड्या, कयाक आणि सायकली पार्कातच भाड्याने मिळतात. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे होडी चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलांनी लाइफ जॅकेट घातलेलंच असलं पाहिजे. मी म्हणेन, आजोबांनीही घालावं आणि तुम्हीही. हे पाणी उन्हाळ्यातही आपल्या नद्यांच्या मानाने गार असतं. अचानक पडलं की चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. सकाळी नऊच्या आधी तळं आरशासारखं स्थिर असतं, वारा दुपारी उठतो. पहिल्यांदा वल्हं धरणाऱ्यांनी सकाळचीच वेळ साधावी आणि काठाकाठाने जावं.

पाण्यातून बाहेर आल्याबरोबर टॉवेलने अंग खसखसून पुसा. इथल्या तळ्यांत पक्ष्यांच्या शरीरात वाढणारे सूक्ष्म परजीवी कधीकधी माणसाच्या कातडीला खाज आणतात. अंग तसंच वाळू दिलं की त्रास वाढतो. क्वचित जळू चिकटते. घाबरायचं कारण नाही, नखाने किंवा कार्डाच्या कडेने सरकवून काढायची.

रात्री तळ्यावरून लांबलचक, कंप पावणारी किंकाळी येते. पहिल्यांदा ऐकणारा माणूस अंथरुणात उठून बसतो. तो लून पक्षी, मिनेसोटाचा राज्यपक्षी. आजीला झोपण्यापूर्वीच सांगून ठेवा. रात्री दहा ते सकाळी आठ ही शांततेची वेळ आहे आणि ती पाळावीच. अंताक्षरी, गाणी, पत्ते दहाच्या आत. मोठा आवाज लाकडी भिंतींतून आणि पाण्यावरून फार दूर जातो, आणि शेजारची माणसंही लूनचा आवाज ऐकायलाच आलेली असतात.

उगमाकडे जायचं ते पहिल्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा. मेरी गिब्स केंद्रापासून जेमतेम अडीचशे मीटरची सोपी वाट आहे, बाबागाडी आणि चाकाची खुर्चीही जाते. समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर तळ्यातून एक ओहोळ बाहेर पडतो, घोट्याएवढा, फार तर गुडघ्याएवढा खोल. तिथल्या लाकडी खांबावर लिहिल्याप्रमाणे तो पुढे २,५५२ मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळतो. विशेष म्हणजे ही दक्षिणवाहिनी नदी सुरुवातीला उत्तरेकडे जाते, बमिजीपर्यंत पोहोचते, पूर्वेला वळते आणि मग दक्षिणेची वाट धरते. होकायंत्र न्या आणि मुलांनाच दिशा शोधू द्या.

ज्या दगडांवरून सगळे ओहोळ ओलांडतात, ती रांग मात्र माणसांनी रचलेली आहे. मुळात इथे दलदल होती. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरच्या मजुरांनी ही जागा बांधून काढली. दगड शेवाळलेले असतात. म्हाताऱ्या माणसांनी दगडांवरून जाण्याऐवजी बाजूला उथळ पाण्यातून, पायात घट्ट बसणारे रबरी जोडे घालून, कोणाचा तरी हात धरून चालावं. लाकडी पूलही आहे.

आपल्या मनात उगमाला वेगळं स्थान आहे. त्र्यंबकेश्वरला, महाबळेश्वरला जाऊन आलेली आजी इथे हात जोडते, ओंजळीत पाणी घेते. जरूर घ्यावं. फक्त फुलं, हळदकुंकू, नाणी, नारळ पाण्यात सोडू नका, गोटे उचलून आणू नका आणि हे पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका, ते शुद्ध केलेलं नसतं. ही भूमी ओजिब्वे लोकांनाही पूज्य आहे. १८३२ साली हेन्री स्कूलक्राफ्टने उगम शोधला असं पुस्तकांत येतं, पण त्याला इथवर आणणारा वाटाड्या ओझाविंडिब हा ओजिब्वे होता. त्याच्या लोकांना ही जागा आधीपासूनच ठाऊक होती. पार्कात त्यांच्याही आधीच्या लोकांची, कित्येक शतकांपूर्वीची दफनभूमी आहे. तिथल्या टेकाडांवर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी शिकाऱ्यांनी गव्यांचे कळप गाठले ती जागाही इथेच सापडली आहे.

उगम पाहून झाला की उरलेल्या वेळात काय करायचं? माझी पसंती वाइल्डरनेस ड्राइव्हला. साधारण दहा मैलांचा हा एकेरी रस्ता घनदाट जंगलातून जातो. मधे उतरून बोहॉल तळ्याची अर्ध्या मैलाची पाऊलवाट चाला. ती राखीव रानातून जाते, जिथे कुऱ्हाड लागलेली नाही. जवळच एटन हाइट्सचा शंभर फुटी टेहळणी मनोरा आहे, पूर्वी वणवे शोधण्यासाठी वापरायचे. मनोऱ्यापर्यंत चढण आहे आणि वर जिना उघडा आहे, म्हणून ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी खालीच बसावं. आजी-आजोबांना चढ नको असेल तर प्रीचर्स ग्रोव्हला न्या. गाडीतून उतरलं की समोर जुने पाइन आणि खाली तळं. सायकलसाठी डग्लस लॉजपासून उगमापर्यंत जवळपास सहा मैलांची पक्की वाट आहे. ती चढउतारांची आहे, तेव्हा दहा वर्षांखालच्या मुलांसाठी एकाच बाजूने जायचा बेत करा आणि दुसऱ्या टोकाला गाडी ठेवा. निसर्गतज्ज्ञांचे कार्यक्रम, मुलांसाठी ज्युनिअर पार्क नॅचरलिस्टची पुस्तिका हे सगळं ब्रॉवर केंद्रात विचारा. पोहोचलात की पहिलं काम हेच करा. जूनअखेरीला गेलात तर गुलाबी-पांढरी लेडीज स्लिपर फुलं शोधा. हे राज्यफूल आहे आणि पहिलं फूल यायला रोपाला सोळा वर्षंही लागू शकतात. तोडणं गुन्हा आहे.

डास आणि गोचिडी यांबद्दल थोडं घाबरवणं भाग आहे. जून-जुलैत संध्याकाळी डासांचे थवे येतात. त्यासाठी डीईईटी असलेलं मलम आणि लांब बाह्यांचे फिकट कपडे पुरतात. गोचिडीचं प्रकरण वेगळं. हरणांवरची काळ्या पायांची गोचीड लाइम आजार पसरवते आणि तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. पॅन्टचे पाय मोज्यांत खोचा. परमेथ्रिन फवारायचं ते फक्त कपड्यांवर, अंगावर नाही. वाटेच्या मधूनच चाला, कडेच्या गवतात बसू नका. रोज रात्री सगळ्यांची तपासणी करा: गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत, कमरेला. बायकांनी लांब वेणी सोडून पाहावी. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी, नेलपॉलिश यांतलं काही नको. आजार पसरायला तिला बहुधा एक दिवसाहून अधिक चिकटून राहावं लागतं, म्हणूनच रोजच्या तपासणीला एवढं महत्त्व. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरकडे जा. आई-वडील तोवर भारतात परतले असतील तर त्यांना नीट समजावून पाठवा, की डॉक्टरांना मिनेसोटाच्या जंगलात राहिल्याचं आणि गोचीड चावल्याचं आपणहून सांगायचं. पुण्या-नागपूरच्या डॉक्टरांच्या मनात लाइम सहजासहजी येणार नाही.

कधी जावं, याचं माझं उत्तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. डास संपलेले असतात, मेपल आणि अ‍ॅस्पन रंगलेले असतात, केबिन थोडी सहज मिळते. पण मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि रात्री थंडी गोठणबिंदूपर्यंत जाऊ शकते, तेव्हा हा काळ आजी-आजोबांसोबत केबिनमध्ये राहण्याचा. पोहायचं असेल तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य. भर जुलैतही पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. मुंबईहून आलेल्या माणसाला ती डिसेंबरची थंडी. प्रत्येकाला स्वेटर, कानटोपी आणि स्लीपिंग बॅगखाली जाड चटई हवीच. थंडी जमिनीतूनच अंगात शिरते. उन्हाळ्यात वादळंही अचानक येतात. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून लगेच बाहेर यायचं आणि तंबूत न थांबता गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं. उंच पाइनच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, म्हणून तंबू लावतानाच वर वाळलेली फांदी नाही ना, ते पाहा.

परतीच्या दिवशी घाई नको. स्वतःची होडी नेली असेल तर तिच्यातलं सगळं पाणी काढा, चिकटलेलं शेवाळ आणि वनस्पती पुसून टाका. झीब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव असेच एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात आणि मिनेसोटात याबद्दल कायदा आहे. तंबू ओला असेल तर घरी पोहोचल्या दिवशीच उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरेल. वाटेत पार्क रॅपिड्सला थांबून पेट्रोल भरा आणि पुढच्या वर्षीचं आरक्षण कधी खुलं होतं, ती तारीख त्याच दिवशी फोनमध्ये घालून ठेवा.